उन्हाळ्यात खेड्यातला पाळक करतो तरी काय?

प्रश्न थोडक्यात असा. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण पाळक (चर्चचा धर्मगुरू), पहिलीच नेमणूक, तीही अहिल्यानगर जिल्ह्याच्या (आमच्या तोंडी अजून नगरच) पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात. तो विचारतो: ईस्टर उरकला की रविवारची गर्दी ओसरते, दुपारी गावात माणूस भेटत नाही, दिवस खायला उठतो. या दिवसांत पाळकाने करायचं काय? एखादं शिबिर, एखादी मोहीम काढावी का?

माझी सगळी सेवा अशाच मंडळ्यांत, म्हणजे खेड्यातल्या चर्चच्या समाजांत, झाली आणि आता निवृत्ती जवळ आली आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

शिबिर काढू नका. निदान पहिल्या उन्हाळ्यात तरी नको. तुमच्या मंडळीतली बरीच माणसं तुम्ही अजून नीट पाहिलेलीच नाहीत आणि ती याच दिवसांत घरी येतात. पाथर्डी-शेवगाव आणि त्याला लागून बीडचा भाग, इथल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर, कोणी पार कर्नाटकात. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात. या लोकांचा नाताळ उसाच्या फडात जातो. आपण चर्चला चांदण्या लावून, नवे कपडे घालून ‘सर्व मंडळी’ला शुभेच्छा देतो, तेव्हा मंडळीचा मोठा हिस्सा पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधत असतो. म्हणून त्यांच्या दृष्टीने वर्षाचा खरा सण ईस्टर, आणि तोही लवकर आला तर चुकतो. २०२४ साली तो ३१ मार्चला होता, २०२५ साली २० एप्रिलला. दोन्ही वर्षांची हजेरी शेजारी ठेवून पाहा, फरकाचं कारण तुमच्या प्रवचनात सापडणार नाही.

आपल्याकडे मंडळीचं वर्ष कोयत्यावर चालतं, हे सेमिनरीत कोणी शिकवत नाही. एकदा ते ध्यानात आलं की उन्हाळ्याची कामं आपोआप समोर येतात. टोळी परतली की पहिल्या आठवड्यात घरोघर जाऊन या. जाताना बायबल न्या, पण लगेच उघडू नका. आधी उचल फिटली का ते विचारा. हा प्रश्न पाळकाने विचारावा की नाही असं तुम्हाला वाटेल. विचारावा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांनी सहा महिने राबूनही अंगावर बाकी राहिली असेल, तर पुढच्या दिवाळीला त्यांना पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागणार हे ठरलेलं असतं, आणि त्या घरात हाच विषय चोवीस तास चालू असतो. तो बाजूला सारून केलेली प्रार्थना भिंतीला ऐकू जाते, माणसांना नाही.

मग मुलांचं विचारा. पोर आईबापांबरोबर गेलं होतं की आजीपाशी राहिलं? शाळा किती बुडाली? मोठ्या मुलीला सोबत नेलं असेल तर ती बहुधा धाकट्याला सांभाळत कोपीत (फडावरच्या झोपडीत) राहिलेली असते, आणि वर्गशिक्षकांना गाठायला एप्रिल संपायच्या आत जावं लागतं, नंतर शाळेला कुलूप. फडावर जन्मलेल्या बाळाचं लसीकरण झालं का, जन्माची नोंद कुठे झाली, तेही विचारा. आणि एक गोष्ट न चुकता करा: हे लोक बाहेर असताना घरातलं कोणी गेलं असेल तर त्यांच्यासाठी वेगळी स्मरण-उपासना ठेवा. अंत्यविधी होऊन चार महिने झाले असतील. त्यांचं रडणं मात्र राहून गेलेलं असतं.

आता रोजच्या दिवसाबद्दल. दुपारी माणूस भेटत नाही, कारण दुपार ही भेटीची वेळच नव्हे. पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर, एवढाच उन्हाळ्यातला दिवस. पहाटे टँकरची किंवा नळाची वाट पाहत बाया उभ्या असतात. तिथे जाऊन भाषण करू नका, पण जा. आपल्या घराच्या दोन घागरी स्वतः भरून आणल्यात तर अर्धी ओळख तिथेच होते. शिवाय कोणाच्या घरी पाणी पोहोचत नाही हे रांगेत कळतं. म्हातारी एकटी राहणारी, बाळंतीण, पाय मोडलेला माणूस, अशांची यादी पाळकीय समितीच्या बैठकीत कधीच पूर्ण मिळत नाही. रविवारची उपासना साडेसातला घ्या आणि नऊच्या आत संपवा. कौलारू चर्चमध्ये एकवेळ ठीक, पत्र्याखाली दहा वाजता कोणीही सुवार्ता ऐकत नसतं, सगळे वारा घेत असतात. गुड फ्रायडेची बारा ते तीन उपासना मात्र हलवू नका. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांच्या त्या तीन तासांत लोक घामाने भिजतात, मुलं पेंगतात, तरी ती वेळ बदलू नये असं म्हातारी माणसंच सांगतात, आणि त्यांचं ऐकावं. दारात पाण्याचे दोन रांजण आणि एक पेला ठेवला की पुरे.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. प्रभुभोजनासाठी काळ्या मनुका उकळून जो रस आपण करतो, तो मे महिन्यात एका दिवसात आंबतो. शनिवारी रात्रीच करा, उरलेला त्याच दिवशी संपवा. वेदीवरच्या मेणबत्त्या आठवडाभर तशाच उभ्या ठेवल्या तर वाकतात. उन्हाने ढोलकीचं कातडं ताणतं आणि सूर चढतो, पेटीवाल्याशी मग भांडण होतं. वानरांनी कौलं फोडलेली असतात, ती पाऊस पडायच्या आत चाळून घ्या. वेदीवर पाणी गळायला लागल्यावर गवंडी मिळत नाही.

लग्नं. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि ऊसतोडीच्या घरांतली लग्नं तर याच दोन महिन्यांत दाटीने होतात. यात भावनेपेक्षा कागद महत्त्वाचा आहे, हे मी तुम्हाला मोठा भाऊ म्हणून सांगतो. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे आणि तो अजून चालू आहे. लग्न लावण्याचा परवाना तुमच्या नावावर आहे का, ते आधी पाहा. दोघांपैकी एकाने लेखी सूचना द्यायची, ती चर्चमध्ये सगळ्यांना दिसेल अशी लावायची, मग दाखला द्यायचा, आणि त्या दाखल्यापासून दोन महिन्यांच्या आत लग्न लागलं पाहिजे. मुलगी १८ पूर्ण, मुलगा २१ पूर्ण. शाळेचा दाखला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तारीख देऊ नका, मग मुलीचा मामा कितीही वजनदार असो. ‘पुन्हा फडावर जायच्या आत उरकून टाकू’ या घाईत सतरा वर्षांच्या पोरींची लग्नं ठरतात. कोयत्याला जोडी लागते, हे त्यामागचं अर्थकारण सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. तुम्ही बोला. लग्नाच्या दिवशी नव्हे, ईस्टरच्या आधी, बोलणी होण्यापूर्वी.

वेळेचंही तसंच. कायद्याप्रमाणे लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच आणि दोन साक्षीदारांसमोर लागायला हवं. थोडे अपवाद आहेत, पण तुमच्या-माझ्यासारख्याने त्यांच्या भरवशावर राहू नये, कारण हे मोडलं तर लग्न लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आणि आपल्याकडे वरात कशी निघते हे तुम्हाला ठाऊक आहे. पत्रिकेत ‘सायंकाळी ५’ छापलेलं असतं, नवरदेव सहा वाजता पारावर नाचत असतो. मी पत्रिका छापायच्या आधीच वडिलांना बोलावून सकाळी नऊची वेळ देतो. सकाळी ऊनही कमी असतं, डीजेवालाही पेंगलेला असतो.

मे अखेरीस दुसरी रांग लागते ती दाखल्यांसाठी. शाळाप्रवेश, वसतिगृह, शिष्यवृत्ती. हा विषय नाजूक आहे आणि तो टाळून खेड्यात पाळकपण करता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच आजोबांच्या वंशातली दोन घरं: एक बौद्ध, त्याला सवलत आहे, आणि दुसरं चर्चला येणारं, त्याला ती नाही. जातीने वागवायची वेळ आली की गाव दोन्ही घरांना सारखंच वागवतं. अशा घरातला बाप येऊन हळूच म्हणतो, ‘साहेब, लेकराला बाप्तिस्मा द्या, पण वहीत लिहू नका.’ याला उत्तर तयार ठेवा, कारण विचारणारा लबाड नसतो, लेकराच्या भवितव्याने घाबरलेला असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. दिलेला संस्कार नोंदवहीत लिहिला जाईल आणि न दिलेल्याचा दाखला मिळणार नाही. थांबायचं असेल तर थांबा, तोवर लेकराला आशीर्वाद देतो, शब्बाथ शाळेत घेतो, आजारी पडलं तर रात्री येतो. यात मला कोणाला लाज वाटायला लावायची नसते. कायद्याने माणसाला अशा कात्रीत धरलं असताना पाळकाने आणखी एक पातं होऊ नये.

याच दिवसांत १४ एप्रिल येतो. आपल्या मंडळीतल्या जवळजवळ प्रत्येक घराचे भाऊबंद जयंतीच्या मिरवणुकीत असतात, काही वर्षी तर जयंती आणि ईस्टरच्या आधीचा दुःखसहनाचा आठवडा एकत्र येतात. मी दरवर्षी सकाळी हार घेऊन जातो. एकदा समितीतल्या एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांना विचारलं, तुमचे आजोबा आणि त्यांचे आजोबा एकाच विहिरीबाहेर उभे होते ना? ते हसले आणि पुढच्या वर्षी बरोबर आले. जत्रेच्या वर्गणीचं मात्र ज्याने त्याने ठरवावं. त्यावर प्रवचन देऊ नका, कुस्त्या बघायला खुशाल जा.

उन्हाळ्यात मृत्यूही जास्त. वृद्ध माणसं उन्हाच्या तडाख्यात जातात. इथे घड्याळ फार महत्त्वाचं. तालुक्याच्या गावाहून शीतपेटी मिळाली तर मुंबई-पुण्याच्या मुलांची वाट पाहता येते, नाही तर त्याच दिवशी उरकावं लागतं. मुरमाड जमिनीत मे महिन्यात पहार उसळते, खड्डा खणायला तरुण पोरांच्या दोन पाळ्या लागतात. त्यांना दुपारी खणायला लावू नका, रात्री कंदिलावर किंवा पहाटे खणू द्या. तुम्हीही चार पहारी मारा. आणि दफनभूमीचा कागद याच दिवसांत काढून ठेवा. सातबाऱ्यावर नोंद कशी आहे, वाट कोणाच्या बांधावरून जाते, शेजारच्याचं औत किती आत आलं आहे? वावरं मोकळी असतात तेव्हाच हद्दीचे दगड दिसतात आणि मोजणी करता येते. पीक उभं राहिल्यावर वाद काढला तर प्रेत खांद्यावर असताना भांडावं लागतं.

आता प्रवचन आणि प्रार्थना, म्हणजे तुम्हाला बहुधा ज्याची जास्त उत्सुकता आहे ते. मे महिन्यात कोणी तरी येऊन म्हणतं, पाळकसाहेब, पावसासाठी प्रार्थना ठेवा. घाईने हो म्हणू नका. बाकांवर कोण बसलं आहे ते पाहा. ज्याची विहीर आटली त्याला पाऊस आजच हवा आहे. त्याच्या शेजारी बसलेल्याचा उन्हाळी कांदा काढून वावरात पसरलेला आहे, अजून चाळीत भरायचा आहे. अवकाळीचा एक शिडकावा आला, गारा पडल्या, तर त्याचं वर्ष गेलं. तिसऱ्याच्या लेकीचा मांडव परवा आहे. सगळे एकाच देवाकडे तोंड करून बसलेले. नीतिमानावर आणि अनीतिमानावर सारखाच पाऊस पडतो हे वचन आपण फार सहज म्हणून टाकतो. इथे तिघेही नीतिमान आहेत आणि तिघांना वेगवेगळं आभाळ हवं आहे. मी अशा वेळी आधी तिघांनाही आपापलं मागणं मोठ्याने बोलायला लावतो. कांदेवाल्याने विहीरवाल्याचं दुःख ऐकलं की त्याच आठवड्यात त्याच्या बोअरचं पाणी शेजारी गेलेलं मी पाहिलं आहे. नेहमी जातंच असं नाही.

जुन्या मंडळीत यासाठी एक रीत होती. ईस्टरनंतर, स्वर्गारोहणाच्या गुरुवारच्या आधीचे तीन दिवस शेतांतून फिरत पिकांसाठी, पावसासाठी याचना करायची. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिएन गावचे बिशप मामेर्तुस यांनी ती सुरू केली. आपल्याकडे ती फारशी रुजली नाही, पण तुमच्या भागात चालण्यासारखी आहे. संध्याकाळी सहाला निघा, एक विहीर, एक पेरणीला तयार रान, एक गोठा, एवढंच. पाणी आटलेल्या विहिरीच्या काठावर दोन मिनिटं काही न बोलता उभं राहा, मग एखादं स्तोत्र म्हणा.

शास्त्रपाठ म्हणून सगळे संदेष्टा एलीया आणि राजा अहाब यांच्या काळचा दुष्काळ घेतात. १ राजे १७ आणि १८ चांगलेच आहेत, पण त्यात शेवटी पाऊस पडतो. न पडलेल्या पावसाच्या वर्षी मी यिर्मयाचा १४ वा अध्याय वाचतो. थोरांची माणसं पाण्यासाठी जातात, रिकामी भांडी घेऊन परततात आणि लाजेने डोकं झाकून घेतात. भेगाळलेल्या जमिनीपुढे शेतकरी खजील झालेला. रानात हरिणी नुकतं जन्मलेलं पाडस टाकून निघून जाते, कारण गवत नाही. या अध्यायात देव लगेच पाऊस पाडत नाही, संदेष्ट्याला उलट प्रार्थनाच करू नको म्हणतो, आणि तरी यिर्मया शेवटी पुन्हा मागतोच. हा अध्याय वाचताना चर्चमध्ये जी शांतता होते, ती मी कुठल्याही उत्तेजक प्रवचनात अनुभवलेली नाही. बायांना तर त्यातलं प्रत्येक भांडं ओळखीचं वाटतं.

योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीही उन्हाळ्यातच वाचावी. ती सहाव्या ताशी, म्हणजे ऐन दुपारी, एकटी विहिरीवर येते. पुण्यातल्या वर्गात आम्हाला तिच्या पाच नवऱ्यांवर खूप शिकवलं. गावातल्या म्हाताऱ्या वेगळंच काढतात: दुपारी एकटीने पाण्याला तीच जाते, जिला सकाळी रांगेत उभं राहू देत नाहीत. त्यांच्या आयांनी ते भोगलेलं आहे.

पाणी आणि आपली मंडळी यांचं नातं जुनं आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, पण खेड्यापाड्यांत मंडळी वाढली ती मुख्यतः १८७६-७८ च्या दुष्काळानंतर. गावात कोणी टोमणा मारतं, ‘तुमचे वाडवडील धान्यासाठी बाटले.’ तरुण पोरं चिडतात. चिडायचं कारण नाही. उपाशी माणसाला ज्याने माणूस म्हणून पंगतीला बसवलं त्याच्यामागे तो गेला, यात कमीपणा कसला? १९७२ च्या दुष्काळात वाटलेली सुकडी आणि मिलो आठवणारी माणसं अजून आहेत. त्यांना संध्याकाळी अंगणात बोलतं करा. तुमच्या मंडळीचा इतिहास कोणी लिहिलेला नसेल तर उन्हाळ्याच्या रात्री वहीत उतरवून घ्या, हे तुमच्या शिबिरापेक्षा कितीतरी टिकाऊ काम आहे.

संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनाही अंगणातच घ्या, पेटी-ढोलकीसह. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकापासून चालत आलं आहे आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं इथल्या बायांना पुस्तक न उघडता येतात. तुम्ही कीबोर्ड आणि पडद्यावरचे शब्द आणलेत तर त्या गप्प बसतील. मुलांची व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) घ्यायचीच असेल तर सकाळी सात ते दहा घ्या, गावातल्या सगळ्या मुलांना येऊ द्या, आणि छापील साहित्यावर पैसे घालवण्याऐवजी फडावरून परतलेल्या पोरांना वाचायला शिकवा. दहा दिवसांत जोडाक्षरं येतात, देवाचं वचन पुढे ती आपली आपण वाचतात.

राहिली ती दुपार, तुम्हाला खायला उठणारी. बारा ते चार. झोपा थोडं, पाळकाने झोपू नये असं कुठे लिहिलेलं नाही. नंतर नोंदवह्या काढा: बाप्तिस्मा, विवाह, दफन. जुनी पानं वाचा. एकाच महिन्यात पाच लेकरांची दफनं दिसली की पटकीचं साल कळतं. कोणतं आडनाव कुठल्या वाडीचं, कोणत्या दोन घरांत बोलणं का बंद आहे, तेही हळूहळू उलगडतं. ज्यांची नावं तुम्हाला माहीत नाहीत त्यांच्यासाठी नावं घेऊन प्रार्थना करता येत नाही, आणि दुपारचा वेळ त्यासाठीच आहे. एकटेपणा वाटेल, तो खरा आहे. पगार उशिरा येतो, बायकोला माहेरची आठवण येते, मुलाला उकाड्याने पुरळ उठतं. हे सगळं वडीलधाऱ्यांपाशी बोला, लपवू नका. लोकांना स्वतःची गाऱ्हाणी असलेला पाळक चालतो. न दमणारा पाळक त्यांना परका वाटतो.

सुट्टी मे महिन्यात मागू नका. शहरातल्या मंडळ्यांचे पाळक तेव्हा गावी जातात, ते त्यांना शोभतं, त्यांची माणसंही गेलेली असतात. तुम्ही मृग निघाल्यावर जा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. पाऊस पडला की सगळे पेरणीला वावरात, पंधरा दिवस तुमच्याकडे कोणाला बघायलाही फुरसत नसते. फक्त दाखल्यांच्या कपाटाची किल्ली आणि सही केलेल्या नोंदींची वही सचिवांकडे देऊन जा, कारण वसतिगृहाचा अर्ज भरायची शेवटची तारीख नेमकी त्याच आठवड्यात असते.